मुंकब्रूनचे सरदार

स्टॉकहोममधल्या माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा स्वीडिश विनोद कळला. त्याआधीही मी हसत होतेच. ऑफिसात चार जण हसले की पाचवा हसतो, तसं. पण हे हसू निराळं होतं. टीव्हीतला माणूस बोलला आणि त्याच क्षणी, कुणी उलगडून न सांगता, मला खुदकन हसू फुटलं. तो विनोद इथे लिहून काही उपयोग नाही. सगळा एका शब्दाच्या सोडरी, म्हणजे स्टॉकहोमच्या सोडरमाल्म भागातल्या हेलात होता, मराठीत आणला की नुसती वाटी उरते, आतलं सांडून जातं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आजींनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं.

या आजी म्हणजे माझ्या समोरच्या दारातल्या शेजारीण. जन्म १९२८चा, बालपण सोडरमाल्म भागातल्या दोन खोल्यांत गेलेलं. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून टेक्स्ट-टीव्हीचं १९९ नंबरचं पान कायम लावलेलं असे. त्यामुळे स्वीडिश कार्यक्रमांच्या खालीही स्वीडिश अक्षरं उमटत. त्यांच्या कानांसाठीची ती सोय माझ्या कानांनाही तेवढीच लागत होती. दुपारी जुने कृष्णधवल चित्रपट लागायचे. मी वेलचीचे बन घेऊन जायचे, त्या कॉफी करायच्या, आणि आम्ही दोघी बघत बसायचो. व्याकरण मी वर्गात शिकले. पण ही भाषा माणसांच्या तोंडात कशी नांदते ते त्या खोलीत शिकले.

त्या दिवशी 'मुंकब्रूग्रेवेन' लागला होता, १९३५चा. मुंक म्हणजे मठातला भिक्षू, ब्रू म्हणजे पूल आणि ग्रेवे म्हणजे काउंट. गामला स्तान, म्हणजे स्टॉकहोमचं जुनं शहर, एका बेटावर वसलंय. त्याच्या पश्चिम काठाला मुंकब्रून आहे. तिथला हा काउंट. खिशात दमडी नाही पण चाल ऐटीची, अशा माणसाला आपल्याकडेही आळीतले लोक 'या सरदार!' म्हणतात. म्हणून माझ्या मनात या चित्रपटाचं नाव पहिल्यापासून 'मुंकब्रूनचे सरदार' असंच आहे.

गोष्ट तशी बेताचीच. सरदार आणि त्यांची मित्रमंडळी काम न करता दिवस कसा घालवायचा आणि घोटभर दारू कशी मिळवायची या विवंचनेत असतात. हवालदार त्यांच्या मागावर. गावात एक हिरेचोर सुटलाय आणि वर्तमानपत्रं त्याच्या बातम्यांनी भरलीत. अशात एक अनोळखी तरुण साध्याशा हॉटेलात खोली घेतो. हॉटेलात काम करणाऱ्या एल्साचं त्याच्यावर मन बसतं, आणि तोच चोर असावा असा संशय वाढत जातो. शेवटी तो निघतो वार्ताहर. मूळ नाटक आर्थर आणि सिगफ्रीड फिशर यांचं. नाटकाचा रंगमंच चित्रपटातही जागोजागी दिसतो. माणसं आत येतात, बोलतात, दार लावून जातात.

ही एल्सा म्हणजे इंग्रिड बर्गमन. त्याआधी १९३२च्या एका चित्रपटात ती गर्दीतली एक मुलगी म्हणून उभी राहिली होती. पडद्यावर संवाद म्हणायला मिळाले ते इथे. चित्रपट जानेवारी १९३५मध्ये लागला तेव्हा ती १९ वर्षांची होती. आई ती अगदी लहान असताना गेली, वडील १९२९मध्ये. वडिलांचं स्टॉकहोमच्या श्रीमंत भागात, स्ट्रांडव्हेगनवर फोटोग्राफीचं दुकान होतं आणि लेकीला कॅमेऱ्यासमोर उभं करायची त्यांना हौस होती. १९३३मध्ये ती ड्रामाटेन या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या शाळेत शिरली आणि वर्षभरात चित्रपटासाठी ती शाळा सोडूनही आली.

'कासाब्लांका'तला तो उदास, रेखीव चेहरा डोळ्यांसमोर ठेवून हा चित्रपट बघायला बसलात तर पहिल्यांदा ओळखणारही नाही. गाल भरलेले, हसणं मोठ्यानं, चालण्यात घाई. आपल्या आत्मचरित्रात तिनं त्या चित्रीकरणातली एक आठवण सांगितली आहे. टॉली सेलमान ही तेव्हाची नावाजलेली विनोदी नटी मासळीच्या दुकानातल्या प्रसंगात मासा कागदात गुंडाळत होती. नवख्या इंग्रिडला ते काही पटेना. असं नाही, असं गुंडाळायचं, म्हणून तिनं तिला दाखवायला सुरुवात केली! बाई चकित, ही पोरगी कोण म्हणून विचारत्या झाल्या. मला ही आठवण फार आवडते. पुढची सगळी बर्गमन त्या माशाच्या पुडीत आहे: खरं कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे आणि पडद्यावर तेच दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. माझी तक्रार एकच. तिच्यासमोरचा नायक एडविन अडोल्फसन तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, आणि ते अंतर डोळ्यांना सलतं. ती ताजी, आणि तो आपल्या देखणेपणाची सवय झालेला.

पण अडोल्फसनला मी एवढ्यावर सोडणार नाही, कारण स्वीडिश चित्रपट बोलायला लागला त्या क्षणी तो तिथे हजर होता. 'मुंकब्रूग्रेवेन'चा तो सिगुर्ड वालेनबरोबर सहदिग्दर्शकही आहे. डिसेंबर १९२९मध्ये आलेला पहिला स्वीडिश ध्वनिपट 'सेय दे ई तूनेर', म्हणजे 'सुरांतून सांग', त्यानं युलिउस येन्झोन या छायालेखकाबरोबर दिग्दर्शित केला. तो खरं तर सूर जोडलेला मूकपटच होता. मग १९३०मध्ये अडोल्फसन पॅरिसजवळच्या झ्वांव्हिलला गेला. अमेरिकेच्या पॅरामाउंट कंपनीनं तिथे मोठा कारखानाच उघडला होता. एकच पटकथा, तोच सेट, आणि नटमंडळी बदलून तीच गोष्ट फ्रेंचमध्ये, स्पॅनिशमध्ये, स्वीडिशमध्ये. पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वीडिश बोलणारी माणसं लोकांना दिसली ती अशी, परदेशातून घडून आलेली.

एकच गोष्ट दोन भाषांत करायची ही रीत आपल्याला नवी नाही. १९३२मध्ये प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला तो मराठीतही केला आणि हिंदीतही. तेव्हा आवाज बदलून घालायची सोय नव्हती; माणसं पुन्हा उभी करून पुन्हा बोलवावं लागे.

ध्वनी आला तेव्हा स्वीडननं काय गमावलं ते सगळे सांगतात. व्हिक्टर शोस्ट्रोम आणि मॉरिट्झ स्टिलर या दिग्दर्शकांच्या मूकपटांनी हा देश जगाच्या नकाशावर नेला होता. बर्फ, नद्या, पाप, पश्चात्ताप. त्याला भाषा लागत नव्हती, पाट्या बदलल्या की चित्रपट बर्लिनलाही चाले आणि ब्यूनोस आयर्सलाही. १९२३मध्ये शोस्ट्रोम हॉलिवूडला गेला, १९२५मध्ये स्टिलर गेला आणि जाताना ग्रेटा गार्बोला घेऊन गेला. मागे राहिला रोसुंद्याचा स्टुडिओ आणि त्यात आलेला मायक्रोफोन. १९३५च्या सुमाराला स्वीडनची लोकसंख्या साधारण ६२ लाख होती. बोलणारा स्वीडिश चित्रपट समजणार एवढ्याच लोकांना, आणि फार तर शेजारच्या नॉर्वे-डेन्मार्कमधल्या काहींना.

इतिहासाच्या पुस्तकांत हा काळ घसरणीचा म्हणून येतो. मला तो तसा वाचवत नाही. मूकपटात सगळा स्वीडन एकाच गंभीर शांततेत उभा होता. आवाज आला आणि कळलं, की हा माणूस व्हेर्मलांडचा, ती स्कोनेची, आणि हा कोपऱ्यातला सोडरच्या गल्लीतला. फ्रिडोल्फ रूडीन हा व्हेर्मलांडातल्या मुंकफोर्सचा, आपल्या खेड्याच्या बोलीत बोलायचा, भोळा दिसायचा, आणि १९३०च्या 'क्रूनान्स कावालयेरेर'पासून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 'मुंकब्रूग्रेवेन' लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, १९३५च्या मार्चमध्ये तो गेला, जेमतेम चाळिशीचा. एडवर्ड पेर्शोन दक्षिणेच्या स्कोने भागाची जाड, गोलसर बोली घेऊन आला. मूकपटात या दोघांच्या अंगातलं अर्धं माणूस दिसलंच नसतं. जगाला या चित्रपटांत काही नव्हतं, पण गावच्या थिएटरात बसलेल्या बाईला आपल्या मामाचा आवाज पडद्यावरून ऐकू आला, पहिल्यांदाच. बारा कोसांवर बदलणाऱ्या भाषेतून मी आले आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी बोली नाटकात उभी राहिली की सभागृहात जी कुजबुज आणि हसू पसरतं, ते मला ओळखीचं आहे.

या चित्रपटांना समीक्षकांनी नाव दिलं 'पिल्सनरफिल्म'. पिल्सनर म्हणजे हलकी बिअर. पडद्यावर माणसं सारखी बिअर पितात, म्हणून. शब्दात तुच्छता होती, आणि आहे. मी आजींना विचारलं, बिअरच का? त्या उठल्या, कपाटाच्या खणातून एक छोटी, कडा झिजलेली वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांच्या वडिलांचं मूटबूक.

मूटबूक म्हणजे दारूचं रेशनकार्ड. इवान ब्राट नावाच्या डॉक्टरनं ही पद्धत १९१४मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू केली, मग ती देशभर पसरली आणि १९५५च्या १ ऑक्टोबरपर्यंत चालली. दारू घ्यायची तर ठरलेल्या दुकानात वही दाखवायची. प्रत्येक बाटलीची नोंद आणि शिक्का. पुरुषाला महिन्याला जास्तीत जास्त चार लिटर, तेही ज्याची ऐपत आणि वागणूक बरी त्याला. ज्याला पोलिसांनी नशेत पकडलंय, जो मदतनिधीवर जगतोय, त्याला वहीच नाही. लग्न झालेल्या बाईलाही सहसा नाही; नवऱ्याची आहे ना! त्याआधी १९२२च्या ऑगस्टमध्ये संपूर्ण दारूबंदी करावी का यावर सार्वमत झालं होतं. ५१ टक्के नको म्हणाले, ४९ टक्के हवी. बायकांची आणि पुरुषांची मतं वेगळी मोजली गेली. बायकांचं बहुमत बंदीच्या बाजूचं होतं. त्या प्रचारातलं आल्बर्ट एंगस्ट्रोमचं भित्तिचित्र आजही इथे सगळ्यांना ठाऊक आहे: पुढ्यात लाल शिजवलेले झिंगे, डोळे वटारलेला माणूस, आणि खाली ओळ, झिंग्यांबरोबर हीच पेयं हवीत!

हलकी पिल्सनर या वहीच्या बाहेर होती. म्हणून पडद्यावरचे गरीब लोक बिअर पितात, आणि तिच्यापलीकडचं काही मिळालं तर त्यांना सण वाटतो. सरदार आणि त्यांची मंडळी घोटासाठी जी धडपड करतात ती १९३५च्या प्रेक्षकाला नुसती गंमत वाटली नसणार. त्याच्या खिशात ती वही होती, किंवा ती नाकारली गेली होती. मागचीच वर्षं आठवा. १९३१च्या मे महिन्यात ओडालेनला मोर्चावर सैन्यानं गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. १९३२च्या मार्चमध्ये आगपेट्यांचा सम्राट इवार क्रूगर यानं पॅरिसमध्ये आत्महत्या केली आणि त्याच्या कागदी साम्राज्याबरोबर कितीजणांची पुंजी बुडाली. बेकारी घराघरात होती. अशा वेळी तीन बेकार माणसं पडद्यावर येतात, काम मिळेल का म्हणून टोपी हातात धरून उभी राहत नाहीत, उलट गल्लीचे मालक असल्यासारखी फिरतात. त्या हसण्यात लोकांना काय मिळालं असेल ते मला त्या वहीतले जांभळे शिक्के बघताना कळलं.

माझ्या आईच्या वडिलांकडे गिरगावात असंच एक कागदपत्र होतं. मुंबई राज्यात १९४९च्या कायद्यानं दारूबंदी आली, आणि डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळे. आई सांगते, ते परमिट रेशनकार्डाशेजारी ठेवलेलं असायचं, आणि पाहुणे आले की आजी आधी ते कपाट बंद करायची. बंदी सैल झाली तरी 'परमिट रूम' हे शब्द आपल्याकडच्या पाट्यांवर आजही उभे आहेत. मी हे सांगितल्यावर आजी खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, त्यांची आई ही वही दिव्याच्या उजेडात धरून शिक्के मोजायची. महिना अर्धा झाला नाही आणि शिक्के जास्त दिसले, तर त्या रात्री घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

इथे मला थांबावं लागतं, कारण या विनोदाची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. १९३७च्या फेब्रुवारीत स्वीडिश लेखकांच्या संघानं स्टॉकहोमच्या कॉन्सर्ट हाउसमध्ये, जिथे नोबेल पारितोषिकं देतात तिथेच, सभा भरवली. विषय होता: स्वीडिश चित्रपट, संस्कृतीला धोका? निमित्त 'पान्शुनाट पाराडीसेट' या नव्या विनोदी चित्रपटाचं. त्याचा दिग्दर्शक वेयलर हिल्देब्रांड, 'मुंकब्रूग्रेवेन'मधला हवालदार. लेखकांचं म्हणणं, हे चित्रपट लोकांना मूर्ख समजतात. मी तोही चित्रपट पाहिलाय, आणि तो मला आवडतो. सगळे गुण-दोष तोंडावर घेऊन आलेला प्रामाणिक धांगडधिंगा आहे तो. लेखकांना राग आला तो बिअरचा, गोंधळाचा. मला राग येतो तो वेगळ्याच चित्रपटाचा. १९३३च्या 'पेटर्सन ओक बेंडेल'मध्ये लबाड भागीदार म्हणून ज्यू माणसाचं व्यंगचित्र काढलंय, आणि त्या काळी लोक त्याला हसले. १९३५च्या जुलैत तो बर्लिनमध्ये दाखवला गेला, आणि त्याच दिवसांत तिथल्या कुर्फ्युर्स्टेनडाम रस्त्यावर नाझींनी ज्यूंना मारहाण केली. आजींनी हा चित्रपट मला कधी लावू दिला नाही. नाव काढलं तर म्हणायच्या, तो नको. बोलीवरून माणूस ओळखून हसणं आणि नाकावरून माणूस ठरवून हसणं, एकाच दशकात, एकाच थिएटरात झालं. आज तो काळ प्रेमानं आठवताना ही दोन्ही हसणी वेगळी ठेवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. आजच्या स्वीडिशमध्ये सगळ्यांना 'डू' म्हणतात, म्हणजे 'तू'. १९६७मध्ये आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'डू' म्हणणार असं जाहीर केलं, आणि बघता बघता देशभर 'तुम्ही' मागे पडलं. मला ते जड गेलं. पंच्याऐंशीच्या बाईंना तू म्हणायचं? मी वाक्यं अशी जुळवायचे की सर्वनामच येऊ नये. पण जुने चित्रपट बघताना कळलं की १९३०च्या दशकातले लोकही अगदी तेच करत होते! समोरच्याला 'नी', म्हणजे 'तुम्ही', म्हणणं परक्यासारखं किंवा वरून बोलल्यासारखं वाटे, 'डू' म्हणणं आगाऊपणाचं, म्हणून मग 'मास्तरांना कॉफी चालेल का', 'बाईसाहेब बाहेर निघाल्या वाटतं', असं समोरच्यालाच तृतीयपुरुषी बोलायचं. दोन माणसं जवळ आली की पेले भिडवून, पदव्या बाजूला ठेवून 'डू' म्हणायची परवानगी घेत. इंग्रजी उपशीर्षकं लावून बघितलं तर हे सगळं वाहून जातं. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सर्वनाम असतं. मराठी कानाला मात्र ते लगेच पकडता येतं, कारण 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना आवाजात जे होतं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या काळच्या कितीतरी चित्रपटांत खरी प्रेमकथा चुंबनात नसून या एका शब्दात घडते, आणि मी ती स्वीडिश माणसांपेक्षा आधी ओळखायला लागले. आजची तरुण स्वीडिश पोरं तो क्षण ऐकतच नाहीत. आजी ऐकत. कॉफीचा कप ओठांपाशी थांबायचा.

त्या दिवशी चित्रपट संपल्यावर त्या म्हणाल्या, त्यांची आई आपल्या सासूला मरेपर्यंत 'डू' म्हणाली नाही. मग एकदम विचारलं, तुझ्या भाषेत तू मला काय म्हणतेस? मनात म्हणत असशीलच ना काहीतरी.

मी सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही. टेबलावर वर्तमानपत्र होतं, टीव्हीच्या कार्यक्रमांचं पान उघडंच होतं. त्याच्या कडेला मी रोमन अक्षरांत 'आजी' लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं. स्वीडिशमध्ये त्या मधल्या अक्षराचा उच्चार 'य' होतो. त्यांनी ते सावकाश, दोन्ही स्वर लांबवून वाचलं: 'आयी.'

मी ते दुरुस्त केलं नाही.